धाकटी जेवत नाही

ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरला मध्ये तोंड घालून तसं सांगावं लागे. मग पलीकडे कुणी रडत असो, की व्याह्यांशी भांडत असो.

जमीन मोजायच्या साखळीला शंभर कड्या असतात. उन्हात ती किंचित वाढते, म्हणून भावाभावांची वाटणी मोजायची तर सकाळी लवकर मोजावी.

कोंबडीला आरशातली कोंबडी खरी वाटते.

कॉलनीच्या सभेत एकदा ठराव झाला होता, की 'सध्या असलेल्या पक्ष्यांना' हरकत नाही. सूचक एक, अनुमोदक एक, झोपलेले बाकी सगळे.

टाल्कम पावडरचा मोठा डबा जपून वापरला तर घरात सहा महिने जातो. चार कोंबड्यांना तो एक सकाळही पुरला नाही.

ही वाक्यं एकमेकांच्या ओळखीची नाहीत. एकाच खुराड्यात सोडून बघू या. टोचाटोची होईल, पिसं उडतील, पण हळूहळू बसतील एका काठीवर.

*

कॉलनीत त्यांना सगळे टेलिफोनबाई म्हणत. आयुष्यभर त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसल्या होत्या. त्यांचे यजमान भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मोजणीसाहेब म्हणत. म्हणजे एकाने जन्मभर रेषा आखल्या, दुसरीने जन्मभर रेषांपलीकडची माणसं जोडून दिली, आणि तरी या दोघांचा संसार झाला. संसाराचं हे असंच असतं, तो कुणाचाही होतो.

मागच्या अंगणात पाच कोंबड्या होत्या. थोरली, मधली, ठेंगणी, झिपरी आणि धाकटी. नावं बाईंनी ठेवली होती. साहेबांनी त्यांना गट क्रमांक देऊन पाहिले, पण कोंबड्या क्रमांकाला ओ देईनात.

बाईंना कोंबड्या अंड्यांसाठी नको होत्या. त्यांना आवाज हवा असे. संध्याकाळी काठीवर बसताना पाचजणी जी कुजबुज करत, 'सरक की', 'ही माझी जागा', 'काल तू होतीस कडेला', ती बाई वेताच्या स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत. एक्स्चेंजच्या हॉलमध्ये अगदी हाच आवाज असे. बाराजणी ओळीने बसलेल्या, बाराही हळू बोलताहेत, बाराजणींच्या हातांत बोर्डाच्या दोऱ्या, आणि शब्द एकही कळत नाही. नुसती ऊब कळते. दारातून आत येतानाच वाटे, की आत काहीतरी शिजतंय. मग यंत्र आलं. यंत्राला कुजबुज येत नाही. एकेक खुर्ची रिकामी होत गेली, कुणी बिलात गेली, कुणी तक्रारींत, आणि दूरच्या खेड्यांच्या उरलेल्या लाइनींसाठी एक बोर्ड आणि एक बाई मागे राहिली. त्या बोर्डावरून लागलेला शेवटचा कॉल राँग नंबर निघाला. बाईंनी माफी मागितली आणि हेडफोन खुंटीला अडकवला.

हे विषयांतर झालं. मुद्दा कोंबड्यांचा.

रोग आला, आणि आठवड्याभरात पाचांपैकी चारजणींनी माना टाकल्या. साहेबांनी कुंपणाशी चार खड्डे खणले. चारही सारख्या लांबीरुंदीचे, एका रेषेत. मेलेल्यांमध्ये तरी हद्दीचा वाद नको, म्हणाले.

धाकटी राहिली.

आणि धाकटी जेवेना.

*

सकाळी ठेवलेली तांदळाच्या कण्यांची वाटी दुपारी तशीच. धाकटी वाटीपासून दोन हात लांब उभी, एकदा इकडे बघतेय, एकदा तिकडे, जणू सभेला वेळेवर आलेला एकटाच माणूस. उचलून घेतली तर छातीचं हाड हाताला लागे.

"अहो, ही अशी किती तगणार?"

"कोंबडी आहे ती. भूक लागली की खाईल," साहेब म्हणाले.

"हो. कोंबडीच आहे," बाई म्हणाल्या. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. साहेबांनी ते मागितलंही नाही. इतक्या वर्षांत एवढी मोजणी त्यांना जमू लागली होती.

*

सल्ले, जसजसे आले तसतसे:

शेजारचे कंपाउंडर, कुंपणावरून: "चोच उघडायची, ड्रॉपरने टॉनिक सोडायचं, चोच मिटायची. माणसाचंही असंच करतो आम्ही. फक्त माणसं चावतात."

समोरच्या वहिनी, फाटकातून: "मन लागत नाहीये तिचं. माझे दीर असेच झाले होते. त्यांना आम्ही रेडिओ लावून दिला."

मुलगी, फोनवरून: "आई, आरसा ठेव समोर. तिला वाटेल दुसरी आहे."

साहेब, पेपरातून डोकं वर न काढता: "रेडिओ नको. बॅटरीचे सेल संपतात."

पुन्हा कंपाउंडर, आपल्या गच्चीवरून: "टॉनिक दिलं का?"

दिलं होतं. टॉनिक बाईंच्या चष्म्यावर, साहेबांच्या बनियनवर आणि थोडं वहिनींच्या फाटकावर सापडलं. धाकटीच्या पोटात गेल्याचा पुरावा नव्हता.

म्हणून आरसा. सासूबाईंच्या टेबलाचा, बिलोरी कडांचा. तो माळ्यावरून काढताना साहेबांच्या कमरेत उसण भरली, पण आरसा शाबूत उतरला. खुराड्यात वाटीच्या मागे तो उभा केला. धाकटीने पाहिलं आणि मान ताठ केली. बऱ्याच दिवसांनी तिच्या घशातून 'कु' असा आवाज निघाला. बाईंनी साहेबांचा दंड धरला.

धाकटी वाटीजवळ आली. आरशातलीही आली. धाकटी थांबली. तीही थांबली. धाकटी अदबीने मागे सरकली, तीही सरकली. दारात दोन विहिणी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत अडकून बसाव्यात, तशा दोघी दुपारपर्यंत उभ्या होत्या, आणि कण्यांना मुंग्या लागल्या.

खरं म्हणजे बाईंना तेव्हाच कळायला हवं होतं. पण अक्कल हीही दाढेसारखीच. उशिरा येते आणि दुखत येते.

*

शेवटी वहिनींचंच खरं धरून सोबत आणायचं ठरलं. साहेब सायकलला टोपली बांधून गेले आणि तीन तलंगा घेऊन आले. अंड्यावर यायच्या बेतातल्या, तुकतुकीत, तिन्ही एका साच्यातून काढलेल्या, आणि धाकटीसारख्याच तांबूस. विकणारा म्हणाला होता, "सुरुवातीला जरा बुजतील."

"किती?" साहेबांनी विचारलं होतं.

"किती म्हणजे? बुजतील."

अशा मोघम उत्तरांवर साहेबांचा नोकरीत असल्यापासून राग.

फाटकातच दुसऱ्या बाजूचे शेजारी, कॉलनीचे सेक्रेटरी भेटले. कॉलनीत काहीही आत आलं की त्यांना घरात बसल्या बसल्या कळे. काही जणांचे गुडघे असे हवामान सांगतात.

"काय आहे टोपलीत?"

"तीन."

"तीन काय?"

यावर टोपलीनेच उत्तर दिलं.

"साहेब, ठरावात 'सध्या असलेले पक्षी' असं आहे. हे नवे दिसतात."

"हे पाहुणे आहेत," मागून बाई म्हणाल्या.

"कुणाचे?"

"धाकटीचे."

"आणि किती दिवस राहणार?"

"पाहुण्यांना असं विचारतात का?"

सेक्रेटरी संसारी माणूस. या प्रश्नाला त्यांच्या घरातही उत्तर नव्हतं. "रविवारी सकाळी बघायला येईन," ते म्हणाले. "जो सध्याचा पक्षी आहे तेवढाच दिसला पाहिजे. बाकीच्यांना निरोप द्या. माझं वैयक्तिक काही नाही."

ज्यांचं वैयक्तिक काही नसतं त्यांच्याशी भांडता येत नाही, ही एक मोठीच गैरसोय आहे.

*

नव्या-जुन्यांना एकदम एकत्र सोडू नये, मध्ये जाळी घालावी, एवढं दोघांनाही ठाऊक होतं. जाळी घालायचं काम साहेबांकडे आलं. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना कुणी काहीतरी विभागायला सांगत होतं. त्यांनी टोपी घातली.

मिळकतीचे वर्णन: मागील अंगणातील खुराडे. पैकी एक चतुर्थांश हिस्सा धाकटी हिचा. तीन चतुर्थांश हिस्सा नव्या तिघींचा, सामाईक. चतुःसीमा, धाकटीच्या हिश्श्याची: पूर्वेस धुण्याचा दगड. दक्षिणेस पाण्याचा नळ, गळका. पश्चिमेस सेक्रेटरींची भिंत. उत्तरेस जाळी.

वाटणी तंतोतंत होती. फक्त बसायची काठी, अंड्याची पेटी आणि सावली, ही तिन्ही उत्तरेला गेली. धाकटीच्या वाट्याला नळ आला.

"अहो, तिची काठी पलीकडे गेली."

"मोजणीत गेली."

"रात्री बसायची कुठे तिने?"

"हे बघ, मोजणीला भावना नसतात."

"भावना नसतील. स्वयंपाकघर असतं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाईंनीही आपल्या परीने एक नियम केला. धाकटी जुनी. मान तिचा. तेव्हा आधी तिची वाटी भरायची, तिचं खाऊन होईपर्यंत नव्यांना दाणा नाही. एक्स्चेंजात सीनियरला आधी चहा येई. ज्याचा मान त्याला दिला की जीव धरतो, असा बाईंचा अनुभव. ठरल्याप्रमाणे वाटी भरली. धाकटी दोन हात लांब उभी राहिली. पलीकडे तिघी भुकेने असा गलका करू लागल्या की कंपाउंडर बॅग घेऊन धावत आले. बराच वेळ वाट पाहून बाईंनी वाटी उचलली आणि जाळीपलीकडे ठेवली. तिघींनी ती चाटूनपुसून रिकामी केली. तेव्हा कुठे धाकटी हळूच जाळीपर्यंत आली आणि रिकाम्या वाटीकडे पाहत राहिली.

"रुसलीय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी धाकटी उभी राहायच्या ऐवजी बसली. बाईंनी तिला पदरात घेतलं. ती पूर्वीच्या निम्मीही भरत नव्हती. मग बाईंनी वेताचं स्टूल उचलून आत ठेवलं. ते पाहून साहेबांनी टोपी पुन्हा घातली.

"फेरमोजणी करू," ते म्हणाले.

आता, फेरमोजणी म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. साहेबांच्या उभ्या नोकरीत त्यांच्या एकाही मोजणीवर फेरमोजणी झाली नव्हती. निरोप समारंभात हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटलं होतं. तो माणूस आज पक्कड हातात घेऊन स्वतःची हद्द स्वतः तोडत होता. बाईंनी ते पाहिलं, आणि संध्याकाळी आमटीत मीठ बेताचं होतं.

पण ते संध्याकाळी. त्याआधी दुपार व्हायची होती.

जाळी सुटली तशी पहिली तलंग धाकटीच्या अंगावर गेली. धाकटी धुण्याच्या दगडामागे शिरली. साहेबांची उसण, बाईंची साडी आणि सुटलेली जाळी एकमेकांत अडकली. दुसऱ्या तलंगेला आरशात एक उर्मट कोंबडी दिसली. तिने उडी घेतली, आरसा पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. आता उर्मट कोंबड्या दोन होत्या. ती दोघींशी लढली. तिसरी पश्चिमेची सीमा ओलांडून सेक्रेटरींच्या अंगणात उतरली. तिथे स्कूटरला हेल्मेट उलटं अडकवलेलं होतं. आत मऊ कापड, अंधार, एकांत. तिला तिच्या आयुष्यातलं पहिलं अंडं घालायचं होतं आणि जगात याहून चांगली जागा तिने पाहिली नव्हती. ती कार्यभाग उरकून परत भिंतीवर आली तेव्हा साहेबांनी तिला पकडली. कुठून आली, हे कुणी विचारलं नाही.

सेक्रेटरी संध्याकाळी बाजारात निघाले. हेल्मेट घातलं. पट्टा लावला. मग थांबले.

भिंतीपलीकडून बाई म्हणाल्या, "पाहुणे रिकाम्या हाताने येत नाहीत, भाऊजी."

"रविवार," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या कानावरून काहीतरी ओघळत होतं. "रविवार."

*

रविवारी सकाळीच कंपाउंडर कुंपणाला ओणवले. "वासाचा प्रश्न आहे सगळा. नवीन वास आला की टोचतात. चौघींना एकच वास लावा, भांडणच संपेल."

"काय लावायचं?"

"काहीही. घरात जे असेल ते."

घरात टाल्कम पावडर होती. साहेबांनी धरायचं, बाईंनी शिंपडायची. पहिली कोंबडी पांढरी झाली तोवर साहेब पाचदा शिंकले होते. चौथी झाली तेव्हा डबा संपून खडखडत होता. म्हणून उरल्यासुरल्या जागी थोडं तांदळाचं पीठ लावलं. अंगणाला एखाद्या लग्नघरातल्या आतल्या खोलीचा वास सुटला. आणि खरोखर, एकमेकींचा वास घेऊन चौघी गोंधळल्या आणि शांत उभ्या राहिल्या. चार पांढऱ्या, निःशब्द, एकसारख्या कोंबड्या.

तेवढ्यात फाटक वाजलं.

सेक्रेटरी आत आले. त्यांनी खुराड्यात पाहिलं, मग बाईंकडे, मग पापण्यांपर्यंत पांढऱ्या झालेल्या साहेबांकडे.

"यांतला सध्याचा पक्षी कोणता?"

बाईंनी पदराला हात पुसले. "ओळखा."

"मी कसा ओळखणार?"

"मग घालवणार कुणाला?"

सेक्रेटरींना हा पेच नवा होता. पण माणूस हुशार. त्यांनी हातातलं पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सोपं आहे. जी घरची आहे ती बिनधास्त येऊन खाईल. जी परकी आहे ती लांब राहील. दाणे आहेत का?"

साहेब पुढे झाले. "थांबा. आमच्याकडे नियम आहे. आधी धाकटीला..."

पण सेक्रेटरींनी वाटीतल्या मूठभर कण्या टाकल्याही होत्या. तिघी तुटून पडल्या. एक मागे राहिली, धुण्याच्या दगडाशी, दोन हात लांब, एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

"बघितलंत?" सेक्रेटरी म्हणाले. "या तीन घरच्या. आणि ती तिकडची पाहुणी. एवढं स्पष्ट असतं."

साहेबांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि ते मिटलं.

कारण बाई दगडाकडे पाहत होत्या. त्या उभं राहण्यात काहीतरी त्यांच्या ओळखीचं होतं, आणि ते धाकटीच्या आधीपासूनचं होतं.

एक्स्चेंजात जेवायची सुट्टी ओळीने असे. पहिल्या खुर्चीवरची उठे, जेवून येई, दुसरीच्या खांद्यावर दोन बोटं ठेवी. की दुसरीने हेडफोन काढायचा. बाईंची खुर्ची भिंतीकडची, बारावी. सवादोन वाजले की अकरावी येई, चूळ भरून, ओल्या हाताने, आणि खांद्यावर बोटं टेकत म्हणे, 'जा गं, तुझा नंबर.' पुढे हॉलमध्ये बाई एकट्या राहिल्या तेव्हा डबा कधीही उघडायची मोकळीक होती. दिवसाला चार कॉल येत. तरी सवादोन वाजेपर्यंत त्या डब्याला हात लावत नसत. आणि सवादोन वाजले तरी थोडा वेळ तशाच बसत. कितीदा तर डबा तसाच घरी आला. साहेब तेव्हा विचारत, भाजी आवडली नाही का.

थोरली आधी खायची. मग मधली. मग ठेंगणी आणि झिपरी, भांडत. मग धाकटी.

"अहो," बाई हळू म्हणाल्या, "मान नको होता तिला. आपण रोज तिला पहिल्या खुर्चीवर बसवत होतो."

"म्हणजे?"

"थांबा. तिचा नंबर यायचाय."

तिघींचं खाऊन झालं. एकीने चोच जमिनीला घासली. दुसरी पंख झाडत पावडर उडवत नळाकडे गेली. तिसरी जाता जाता दगडाजवळून गेली आणि, मुद्दाम की चुकून कोण सांगणार, धाकटीच्या खांद्याला घासून गेली.

"बरं, ते असू दे," सेक्रेटरी म्हणाले. "या तीन सध्याच्या म्हणून मी धरतो. ही पाहुणी किती दिवस राहणार, तेवढं सांगा."

साहेबांनी आयुष्यात कधी मोघम उत्तर दिलं नव्हतं. पांढऱ्या पापण्यांतून त्यांनी धाकटीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"जेवून जाईल," ते म्हणाले.

धाकटी दगडापासून निघाली. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग सांडलेल्या कण्यांपाशी आली, मान खाली घातली आणि खाऊ लागली. एक कणी, मग एक, मग घाईने, मग पीठ लागलेले स्वतःचे पायसुद्धा टोचून पाहत. साहेब शिंकले.

"भुकेली दिसते," सेक्रेटरी म्हणाले, आणि मुठीला चिकटून राहिलेल्या चार कण्या टाकून गेले.

संध्याकाळी बाईंनी वेताचं स्टूल बाहेर आणलं. काठीवर तिघी चढल्या. मग धाकटी, अगदी कडेला. सरक की, ही माझी जागा, तू कोण गं. शब्द एकही कळत नव्हता. साहेब आरशाचे दोन तुकडे माळ्यावर ठेवायला निघाले होते. तेही तिथेच पायरीवर बसले.

धाकटी मूळच्या चौघींबरोबर आली नव्हती. ती दोन महिन्यांनी भाजीच्या पिशवीतून एकटी आली होती. तेव्हा जाळी नव्हती, मोजणी नव्हती, पावडर नव्हती; तिला खुराड्यात सोडून दोघं लगेच जेवायला आत गेले होते.